अव्वासाठी साधा फोन

अव्वाच्या, म्हणजे आमच्या आईच्या, मुरुडच्या घराचं दार मोडलं बुधवारी, आणि रविवारी आम्ही तिघं भावंडं लातूरला अण्णाच्या घरी जमलो. अप्पा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, आम्ही एका छपराखाली येण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन्ही वेळा भांडण झालं होतं, त्यामुळं सगळे जरा बेतानंच बोलत होते.

मी नांदेडहून पहिल्या बसनं आलो, पिशवीत सात फोन घेऊन. सातही साधे, बटणांचे. वजिराबादेत माझं मोबाइलचं दुकान आहे, त्याला अठरा वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, फोन कुणासाठी, दिवसभरात त्याचं काय काम पडतं, फोन घ्यायचा तेव्हा हात मोकळे असतात की कामात. याच प्रश्नांवर माझं दुकान चालतं असं मी चारचौघांत सांगतो. सख्ख्या आईला मात्र मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा दुकानातला सगळ्यात मोठ्या पडद्याचा फोन तिच्या हातात दिला, तिचा फोटो काढला, तो दुकानाच्या स्टेटसला ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्या फोटोला पावणेदोनशे लोकांनी अंगठा दिला. अव्वाला फोन आवडला का, हे त्या पावणेदोनशेंप्रमाणे मलाही माहीत नव्हतं.

दाराचं असं झालं. बुधवारी सकाळी सातला अण्णानं, म्हणजे थोरल्या रविकिरणनं, अव्वाला फोन लावला. तिनं उचलला नाही. तसा ती सकाळी कधीच उचलत नसे, पण त्या दिवशी अण्णाला वाईट स्वप्न पडलं होतं, म्हणून त्यानं नऊ वेळा लावला. अप्पा त्यांच्या दुकानात एकटे असताना गेले, तेव्हा त्यांचाही फोन असाच वाजत राहिला होता. अंबिकावहिनी म्हणाल्या, पूजेत असतील. अण्णा म्हणाला, रोज रोज पूजेत? मुरुडमध्ये कुणाला सांगावं तर आमच्या तिघांच्या फोनमध्ये मिळून चारेक हजार नंबर, पण अव्वाच्या गल्लीतला एकही नाही. शेवटी अण्णाच्या शिकवणीतल्या एका पोराचा मामा मुरुडात राहतो असं निघालं. मामा उत्साही होते. त्यांनी हाका मारल्या, कडी वाजवली, चार मिनिटं वाट पाहिली आणि आणखी दोघांना घेऊन खांद्यानं दार पाडलं. आत अव्वा पाटावर बसली होती, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, उजव्या हातात बेलाचं पान. तिनं एकदा मान वळवून पाहिलं आणि पूजा पुरी करूनच उठली. मग तिनं मामांना चहा केला.

यातून कुठल्याही शहाण्या घरानं काहीतरी शिकायला हवं होतं. आम्ही ठरवलं की फोन बदलायचा.

अण्णा लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं घरातही तो फळ्यासमोर उभा असल्यासारखाच बोलतो. रविवारी दहाला त्यानं अव्वाला मुरुडहून गाडीनं आणलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर उभा राहिला. तिच्या हातात मोठा फोन टिकत नाही, बोट घसरतं, म्हणून सकाळी आम्हा तिघांपैकी कुणाचाच फोन तिला घेता येत नाही, हे त्यानं आधी सिद्ध केलं. मग निर्णय सांगितला.

"अव्वा, हे शेवटचं. शिवूनं आणलेल्यातला कोणताबी घे. पण यापुढं एक सकाळ जरी फोन उचलला न्हाईस, तर त्याच दिवशी गाडी घेऊन येतो. मग मुरुड बंद. इथंच राहायचं."

"मुरुडात माझं काय वाईट चाललंय?"

"वाईट चाललंय का बरं चाललंय, ते आम्हाला कळतच न्हाई. हेच तर म्हणतोय."

मुरुडात तिचं काय होतं, ते आम्हाला ठाऊक होतं आणि नव्हतंही. दुपारी तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका जमतात आणि ती त्यांना पेपर वाचून दाखवते, पहिल्या पानापासून शेवटच्या श्रद्धांजलीपर्यंत. ज्या बायकांना वाचता येतं त्याही ऐकायला येतात. लातूरला येऊन ती कुणाला वाचून दाखवणार होती? अण्णाच्या घरात पेपर फोनवर येतो आणि तोही कुणी वाचत नाही.

मी टीपॉयवर सातही फोन मांडले. मांडताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. ते पुढची दहा मिनिटं टिकलं.

अण्णाला पहिल्या नजरेत आवडला तो मागच्या बाजूला लाल बटण असलेला. संकटात दाबलं की भोंगा वाजतो आणि पाच जणांना आपोआप फोन जातो. भोंगा कसा वाजतो ते मी सांगत होतो तोवर अण्णानं बटण दाबलं. समोरच्या वसतिगृहातली पोरं धावत जिन्यात आली. मला तो बंद करता येईना. अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं शेवटी बॅटरी काढली.

अक्का, म्हणजे शिवकन्या, जळकोटहून आली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला हवा होता बटणांचा, पण व्हॉट्सअॅप चालणारा. तिचं म्हणणं असं की अव्वाला नातवंडांचे फोटो दिसले पाहिजेत. खरी गोष्ट तिनंच मला दिवाळीत सांगितली होती. अण्णाच्या घरच्या प्रत्येक समारंभाचे फोटो अव्वाला मिळतात आणि जळकोटचे मिळत नाहीत, हा तिचा सल होता, आणि त्यासाठी तिला फोन हवा होता. मी ज्याची तारीफ करत होतो तो घडीचा फोन दुकानात दीड वर्ष पडून होता. एकूण सात फोनांत अण्णाची भीती होती, अक्काचा सल होता आणि माझा न खपलेला माल होता. अव्वासाठी काय आणलं होतं ते सांगणं अवघड आहे.

अक्कानं आणखी एक सोय सुचवली. फोनला दोरी लावून तो अव्वाच्या गळ्यात अडकवायचा. अव्वानं पदराआड हात नेला, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर ठेवला आणि म्हणाली, "गळ्यात एकच राहतं." अक्कानं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. त्या क्षणीही आमच्या डोक्यात काही पेटलं नाही. आम्ही तिघंही शिकलेली माणसं आहोत.

मग बटणांचं भांडण निघालं. साध्या फोनवर एखादा आकडा दाबून धरला की ठरलेला नंबर लागतो. एकचा आकडा कंपनीनं आपल्याकडं ठेवलेला असतो, म्हणून पहिला मान दोनचा. अण्णानं गृहीत धरलं की दोनवर तो. अक्का म्हणाली, बाळंतपणं मी केली वहिनींची, अप्पांच्या पहिल्या आजारपणात दवाखान्यात मी बसले, आणि दोनवर हा का? मी मध्यस्थी केली. माझी मध्यस्थी अशी की अक्काला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, तू व्हॉट्सअॅपचा हट्ट सोड, दोनवर तुला टाकतो. मग गॅलरीत जाऊन अण्णाला सांगितलं, तू भोंगा सोड, दोनवर तूच. एवढं करून घडीचा फोन खपवायचा माझा बेत होता. गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच खिडकी आहे आणि ती उघडी होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यानंतर अर्धा तास भाऊबहीण एक झाले आणि मी एकटा पडलो.

या सगळ्यात अंबिकावहिनी भाकरी थापत होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, म्हणून इथं लिहितो. अव्वा लातूरला आल्या तर त्यांच्यासाठी मागची खोली ठरली होती. त्या खोलीत वहिनींची सहा शिलाई मशिनं होती आणि दुपारी तिथं बायका शिवण शिकायला यायच्या. अण्णानं खोलीचं ठरवलं तेव्हा मशिनांचं काय, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. वहिनींनी तोंड उघडलं असतं तर सासू नको झाली असा अर्थ निघाला असता. आणि सासू त्यांना नको नव्हती. अव्वाशी त्यांचं जे होतं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते उघड झालं तर ते जाईल अशी त्यांना भीती होती. म्हणून त्या सकाळपासून आधी नवऱ्याच्या बाजूनं, मग अक्काच्या बाजूनं, मग माझ्या बाजूनं बोलल्या आणि प्रत्येक वेळी भाकरी बघायला उठल्या.

जेवणं झाली. अव्वा आत आडवी झाली. फोन कोणताही ठरो, नंबर तर नव्यात घालायला हवेत, म्हणून मी तिचा जुना फोन घेऊन बसलो. दुकानात मी एक करतो. गिऱ्हाइकाला स्वतःची गरज सांगता आली नाही की त्याच्या फोनमधली आल्या-गेल्या फोनांची यादी बघतो. ती मी त्या दिवशी दुपारी अडीचला, म्हणजे दोन वर्षं उशिरा, उघडली.

रविवारची, शनिवारची, शुक्रवारची. सात वाजून पाच मिनिटांनी अण्णा, सात-दहाला अक्का, सात-वीसला मी. तिघंही न उचललेले. त्यांच्या वर पावणेआठला तीन फोन, अव्वानं लावलेले. अण्णाला, अक्काला, मला. एकाचंही बोलणं झालेलं नाही. मी बोटानं यादी वर सरकवत गेलो. गुरुवार तसाच, बुधवारी तर अण्णाचे नऊ. मागचा आठवडा तसाच. एक दिवस चुकलेला नव्हता. आणि रोज दुपारी दीडला एक फोन उचललेला. बावीस मिनिटं, एकोणीस मिनिटं, एकतीस मिनिटं. अंबिका.

मी अण्णाला आणि अक्काला हाक मारली. अण्णानं यादी हातात घेतली आणि फळ्यावरचं गणित चुकलं की पोरांसमोर त्याचा चेहरा होतो तसा झाला.

पावणेआठला आम्ही कुठं असतो? अण्णाची पहिली बॅच सुरू असते, फोन टेबलावर पालथा. अक्का स्कूटीवर शाळेच्या वाटेवर. आणि मी, रोज लोकांना रिंगचा आवाज वाढवून देणारा माणूस, गिऱ्हाईकं पहाटेपासून छळतात म्हणून दहापर्यंत फोन मुका करून ठेवतो. अव्वाचा फोन येऊन गेलेला आम्हाला दिसायचा. न दिसायला काय झालं. तिघांनीही एकच अर्थ लावला होता, की पडद्याचा फोन आहे, म्हातारीचं चुकून बोट लागलं असेल. आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा आम्ही लावायचो.

अण्णा वहिनींकडं वळला. त्या ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं, अव्वा फोन उचलते म्हणून?"

"बुधवारी सांगितलं होतं मी, पूजेत असतील म्हणून."

"रोज अर्धा अर्धा तास काय बोलता?"

"तुमच्याविषयी," वहिनी म्हणाल्या. अक्का हसली.

अव्वा कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं आमच्या हातातला फोन पाहिला आणि तिला सगळं समजलं असावं, कारण तिनं काहीच विचारलं नाही. अण्णानंच विचारलं. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

"ती वेळ पूजेची हाय, हे तू सांगायचं न्हाई का?"

"सांगायचं काय त्यात? तुम्हा तिघांची लिंगदीक्षा माझ्या मांडीवर झाली. डाव्या हातावर देव घेतला की माणूस उठत न्हाई, बोलत न्हाई, हे तुम्हाला मीच शिकवलं. मला वाटलं, ठाऊक हाय. आन् ठाऊक हाय म्हणूनच त्या वेळी लावता."

"म्हणजे?" अक्कानं विचारलं.

"म्हणजे फोन केला असं होतं, आन् बोलावं लागत न्हाई." अव्वा हे रागानं म्हणाली नाही. घरात तूर संपलीय असं सांगावं तसं म्हणाली. "कामाची माणसं हाव तुम्ही. मी मनावर घेतलं न्हाई. पावणेआठला मी लावते ते बी त्याच्यासाठीच. अव्वानं केला होता, एवढं तुम्हाला कळावं."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आम्हाला ठाऊक असायला हवं होतं आणि नव्हतं, हे तिला सांगावं, की आम्ही मुद्दाम टाळतो असंच तिला वाटू दिलेलं बरं, हे मला ठरवता येईना. अण्णाचं इष्टलिंग बँकेच्या लॉकरमध्ये आहे. अक्काचं सासरच्या देवघरात, पितळी डब्यात. माझं कुठं आहे ते मी तिथं उभ्या उभ्या आठवून पाहिलं. बहुतेक दुकानातल्या खालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली. ते अव्वानं विचारू नये म्हणून मी मनातल्या मनात ज्या देवाचा धावा केला, तो तोच होता.

अक्का रडायला लागली. अण्णा म्हणाला की हे त्याच्या डोक्यातच आलं नाही, शपथेवर. अव्वानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. पोरानं टाळणं बरं की विसरणं बरं, हे तीही तोलत असावी.

मग ती टीपॉयसमोर बसली. "शिवू, दाखव आता," म्हणाली.

मी कुठलाच फोन उचलला नाही. पहिल्यांदाच विचारलं, "तुला कशाला पायजे, अव्वा? दिवसभरात काय काम पडतं त्याचं?"

तिला सगळं पाठ होतं. लाइट गेली तरी दोन-तीन दिवस चालला पाहिजे. पिठाच्या हातानं धरता आला पाहिजे. पेपर वाचताना चष्मा नाकावर जवळचा असतो, तेव्हा न बघता नंबर लावता आला पाहिजे. तिनं डोळे मिटले आणि एकेका फोनवरून उजवा अंगठा फिरवला. पाचच्या बटणावर एक बारीक टिंब असतं, ते शोधत होती. चार फोनांवर ते गुळगुळीत होतं, भोंग्याच्या आणि माझ्या घडीच्या फोनवरसुद्धा. पाचव्यावर लागलं. सगळ्यात साधा, काळा, अक्काच्या भाषेत भिकार दिसणारा.

"याचा आवाज मोठा हाय, अव्वा," मी सवयीनं म्हणालो. "बाजूच्या खोलीतून ऐकू येईल."

"मोठा नको. सातला बंद कसा करायचा ते दाखव."

मी दाखवलं. तिनं तीनदा करून पाहिलं. मग बटणांचा प्रश्न आला आणि आम्ही तिघंही खाली बघायला लागलो. अव्वानं दोनवर लुंबिनीला टाकायला सांगितलं. लुंबिनी मुरुडात अव्वाच्या समोरच्या घरात राहते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. बुधवारी ती रात्रपाळीहून यायची होती, नाहीतर दार वाचलं असतं. तीनवर अंबिका. त्याच्या पुढचं तुमचं तुम्ही वाटून घ्या, म्हणाली. सकाळी ज्या दोनसाठी आम्ही एकमेकांचे उणेदुणे काढले, त्याच्यावर एका नर्सचं नाव मी माझ्या हातानं टाकलं. अण्णानं लुंबिनीचा नंबर आपल्या फोनमध्ये उतरून घेतला. मग अक्कानं, मग मी.

चार वाजता अण्णानं गाडीची किल्ली घेतली. वहिनींना वाटलं, सामान आणायला मुरुडला निघाला. त्यांनी मागच्या खोलीकडं एकदा पाहिलं. पण त्यानं अव्वाची पिशवी उचलली आणि चपला तिच्यासमोर ठेवल्या.

"सुताराला बोलवलंय. तू असल्याबिगर दार बसवायचा न्हाई तो," म्हणाला. जिन्यात थांबून पुढं म्हणाला, "मी आठला लावत जाईन."

"लावायचं राहू दे. मी लावते पावणेआठला. शिकवत असलास तरी उचल."

वहिनी मागच्या खोलीत गेल्या आणि थोड्या वेळानं तिथून मशिनचा आवाज यायला लागला. रविवारी शिवण नसतं.

सोमवारी सकाळी मी नांदेडला घरी सात वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसलो. आवाज पुरता मोठा केला होता. सात-वीसला अंगठा सवयीनं अव्वाच्या नावावर गेला, तो मी आवरला. पावणेआठला वाजला. पहिल्या रिंगला उचलणं बरं दिसत नाही म्हणून दुसरीला उचलला.

"अव्वा."

पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, तिनं चुकीचं बटण दाबलं. मग तिचा श्वास ऐकू आला.

"उचललास व्हय," ती म्हणाली. "तू उचलशील असं वाटलंच न्हवतं. काय बोलायचं ते काही ठरवलं न्हाई मी."

तिच्याकडं कुठंतरी भांडं वाजलं, माझ्याकडं खालून रिक्षा गेली. दोघंही तसेच फोन धरून बसलो, आणि ठेवू का म्हणून कुणी विचारलं नाही.